लाकूड तोडायच्या आधी बोलवा

प्रति,
किनाऱ्यावर आरमाराची स्मारकं, जुन्या जहाजांच्या प्रतिकृती आणि सागरी संग्रहालयं उभारणाऱ्या सर्व समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी तीन-चार समित्यांकडून मला बोलावणं आलं. आनंद झाला. होड्या बांधणारे सुतार किनाऱ्यावर अजून सापडतात, पण नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, कोरीव काम करणारा माणूस शोधायला तुम्हाला फिरावं लागलं, आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं. प्रत्येक वेळी फोनवरचं वाक्य मात्र एकच असायचं: "जहाज तयार आहे, आता फक्त पुढचं नक्षीकाम राहिलंय. पंधरा दिवसांत होईल ना?"

या 'फक्त'बद्दल लिहायचं आहे.

आधी थोडं माझ्याविषयी, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. वाघोटन खाडीच्या काठी आमचं घर. आजोबा मचवे बांधायचे, वडील मचवे बांधायचे आणि वर कोरीव कामही करायचे. लहानपणी शाळा बुडवून आम्ही पोरं विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावच्या जुन्या गोदीत खेळायला जायचो. मराठा आरमाराची जहाजं दुरुस्तीला घ्यायची ती गोदी. आम्हाला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की खडक फोडून केलेल्या या मोठ्या खळग्यात भरती येते आणि ओहोटीला खेकडे मिळतात. पुढे फायबरच्या होड्या आल्या. त्या स्वस्त, हलक्या, दरवर्षी कालफात, म्हणजे फळ्यांच्या फटी बुजवणं, करायला नको. कोळ्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही फायबरच घेतली असती. वडिलांनी हत्यारं तेल लावून पेटीत ठेवली. मी देवळांचे खांब केले, पालख्या केल्या, रिसॉर्टांच्या दारांवर मोर काढले. एका मोठ्या हॉटेलसाठी सतरा मोर काढले, सगळे एकाच बाजूला बघणारे. त्यावर पोट भरलं, त्याला नावं ठेवत नाही. पण हात शिकले ते नाळेवर.

आता तुमच्या पहिल्या बोलावण्याची गोष्ट. कुठली समिती ते सांगत नाही, त्यांना कळेलच. किनाऱ्यावर मराठा गुराबेची, म्हणजे तोफांच्या लढाऊ जहाजाची, प्रतिकृती उभी केली होती. काँक्रीटच्या चौथऱ्यावर, खरी लाकडाची, मोजमापाला बऱ्यापैकी. मला सांगितलं, पुढे डरकाळी फोडणारा वाघ पाहिजे, सहा फुटी, सागवानी, पॉलिशसह. चित्र दाखवलं. ते कुठल्यातरी सिनेमातल्या चाच्यांच्या जहाजावरून घेतलेलं होतं, फक्त तिथल्या बाईच्या जागी वाघ बसवला होता.

मी म्हटलं, "साहेब, गुराबेच्या नाळेवर वाघाला जागा नाही. तिथे तोफा असतात."

त्यांना वाटलं मी काम टाळतोय. म्हणून इथे सविस्तर सांगतो. रॉबर्ट ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात या किनाऱ्यावरच्या गुराबांचं वर्णन लिहून ठेवलंय. दीडशे ते तीनशे टनांची जहाजं. बहुतेकांना दोन डोलकाठ्या, मोठ्यांना तीन. नाळ लांब, पुढे काढलेली, भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांसारखी. मुख्य तक्तपोशी (डेक) आणि नाळ यांच्या मध्ये लाकडी भिंत, आणि त्या भिंतीतल्या खिडक्यांतून दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या. त्या नाळेच्या कडांना कठडा नसायचा. समोरून लाट आली की गुराब नाक बुडवते, आणि वर आलेलं पाणी अडकून न राहता दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून ती जागा मोकळी सोडलेली.

हे वाचलं तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. कारण नाळेवर काम करणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार? ज्यांनी गुराब बांधली त्यांनी तो विचारला आणि नाळ उघडी ठेवली. त्या उघड्या जागेवर सहा फुटी वाघ बसवला, तर तोफा त्याच्या पाठीत डागाव्या लागतील.

वाघ बसला. मी नाही केला, दुसऱ्याने केला. चांगला केलाय, खोटं कशाला बोलू. पण मुलं शाळेच्या सहलीला येतात, त्याच्यापुढे फोटो काढतात, आणि आपल्या गुराबा अशाच दिसायच्या असं समजून घरी जातात.

आपल्याकडे जहाजावर कोरीव काम नव्हतं, असं यातून कुणी काढू नये. नाळेच्या शेंड्यावर, मागच्या फळीवर, सुकाणूच्या डोक्यावर ते असायचं. कच्छमधल्या मांडवीला रुक्मावतीच्या काठी जी कोटिया, म्हणजे शिडाचं मोठं जहाज, बांधत, तिच्या नाळेचा शेंडा पोपटाच्या डोक्यासारखा कोरलेला असे, आणि मागची बाजू एखाद्या हवेलीच्या खिडक्यांसारखी नक्षीदार. पोपट म्हणजे चिकटवलेला पक्षी नव्हे. नाळेचं जे मुख्य लाकूड खालून वर येतं, त्याचंच टोक वळून पोपट झालेलं असतं. म्हणजे ज्या दिवशी नाळेसाठी लाकूड निवडलं, त्या दिवशीच पोपटही निवडला गेला.

माझी सगळी तक्रार या शेवटच्या वाक्यात आहे.

तुम्ही लाकूड डेपोतून घनमीटरच्या भावाने घेता. ते कंत्राटदार घेतो. गोलाई बघतो, लांबी बघतो, शिक्का बघतो. त्यातलं जे जहाजाला लागलं ते लागलं, आणि उरलेल्या ओंडक्यातलं एक धूड मला देता, की यातून काढा. मी त्या धुडाच्या तोंडाशी बसतो आणि बघतो: गाभा बरोबर मधोमध. तिथेच माझं काम संपतं खरं तर. कारण झाडाच्या मधला गाभा ठोकळ्यात आला, की तो ठोकळा आज ना उद्या फाटणार. बाहेरचं लाकूड वाळून आकसतं, आतलं तसं आकसत नाही, आणि तडा गाभ्यापासून बाहेर पळतो. पुतळ्यात तो नेमका चेहऱ्यावरून जातो, हे मी अनेकदा बघितलंय. का ते मला सांगता येईल: चेहरा पुढे असतो, पुढची बाजू सर्वांत जास्त तासली जाते, म्हणजे तिथेच लाकूड गाभ्याच्या सर्वांत जवळ येतं.

म्हणून नाळेच्या कामाला ओंडका मोठा लागतो, मूर्तीपेक्षा पुष्कळ मोठा, म्हणजे गाभा टाळून बाजूचा ठोकळा काढता येतो. नाहीतर तीन-चार फळ्या जोडून ठोकळा करायचा, प्रत्येक फळीची रेषा शेजारणीशी जुळवून. जोडलेला ठोकळा कमी प्रतीचा, असं तुमच्या एका सदस्यांनी मला सुनावलं होतं. उलट आहे. मोठी कामं जुन्या काळीही जोडूनच होत. आणि हात पुढे केलेला असेल तर तो हात वेगळ्या लाकडाचाच हवा, ज्याची रेषा हाताच्या लांबीने जाते. उभ्या ठोकळ्यातून आडवा हात काढला, तर पहिल्या धक्क्याला मनगटात मोडतो. बिस्किट मोडावं तसा.

वडील शिकाऊ पोरांना सांगायचे, "आदी लाकडाक इचार, मगे माका इचार." आम्हाला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं.

सागाचंच बघा. जहाजाला साग का, तर सगळे सांगतात टिकाऊ म्हणून. टिकाऊ तर आहेच. पण ओक या विलायती लाकडातलं आम्ल लोखंडाला खातं आणि सागातलं तेल लोखंडाला सांभाळतं, हे मोठं कारण. स्टॉकहोममधलं 'वासा' जहाज माहीत असेल. १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं. त्याच्यावर शेकडो कोरीव मूर्ती होत्या, ओक, पाइन आणि लिंडन या लाकडांच्या. लोखंडी खिळे गंजून गेले आणि मूर्ती गळून भोवतालच्या चिखलात पडल्या. पाणबुड्यांनी त्या नंतर वेचून काढल्या. लाकूड तीनशे वर्षं टिकलं, खिळा टिकला नाही. म्हणून मी अंदाजपत्रकात पितळेचे किंवा तांब्याचे बोल्ट लिहितो, आणि म्हणून ते खोडून 'एम. एस. बोल्ट', म्हणजे साधे लोखंडी, लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे.

साग कोरायला मात्र सोपा नाही. त्याच्या पोटात बारीक वाळूसारखे कण असतात, ते पटाशीची धार खातात. शिवणीच्या मऊ लाकडावर दिवसभर चालणारी पटाशी सागावर तासाभरात दगडावर न्यावी लागते. तुमच्या पंधरा दिवसांच्या हिशोबात धार लावण्याचे तास धरलेले नसतात. आणि ओला साग कोरूच नये. जुन्या काळी मलबारात, ब्रह्मदेशात उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती सालीचं कडं काढून दोन-तीन वर्षं ते तसंच उभं वाळू देत, मग तोडत. ओला साग पाण्यात बुडतो. वाळलेला तरंगतो आणि नदीतून खाली आणता येतो. वाळवण्याची घाई नव्हती म्हणून ते हुशार आणि आम्ही मूर्ख, असं नाही. त्यांच्याकडेही घाई होतीच, इंग्रजांना जहाजं हवी होती. गोद्यांची ही भूक इतकी वाढली की १८४० च्या दशकात केरळातल्या निलंबूरला सागाची लागवड करावी लागली.

आपल्या मुंबईचंच घ्या. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले आणि मुंबईची गोदी उभी राहिली. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या तिथे सागाची जहाजं बांधली. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिची कथा मजेची आहे. तिचे नकाशे विलायतेहून ज्या 'जावा' जहाजातून येत होते ते १८१२ मध्ये अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने हरवलं, आणि नकाशांची दुसरी प्रत मागवावी लागली. जमशेटजींनी पारशी रीतीप्रमाणे तिच्या पठाणात, म्हणजे तळाच्या कण्याच्या लाकडात, चांदीचा खिळा ठोकला, तेव्हा कुठे काम सुरू झालं. ती 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगत उभी आहे. दोनशे वर्षं उलटली. मुंबईतच १८१५ साली उतरलेली 'वेलस्ली' १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडाली. तिच्या नाळेवरचा पुतळा इंग्लंडमधल्या चॅटमच्या जुन्या गोदीच्या दरवाज्याशी ठेवलाय.

जमशेटजींचं नाव राहिलं ते योग्यच. त्यांच्या गोदीत ज्यांनी वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि पटाशी चालवली त्यांची नावं जहाजाबरोबर गेली नाहीत. विलायतेत निदान काही घराणी तरी ओळखीची आहेत. पोर्ट्समथचे हेलियर, डेव्हनपोर्टचे डिकरसन. पिढ्यान् पिढ्या नाळेचे पुतळे कोरणारी घराणी, 'वॉरियर' या लोखंडी जहाजाचा पुतळाही हेलियरांच्याच दुकानातला. त्यांच्या सरकारलाही हा खर्च डोळ्यांत खुपायचाच. १७९६ मध्ये नौदलाने हुकूम काढला, की यापुढे पुतळे नकोत, साधी वेलबुट्टी पुरे. हुकूम कागदावर राहिला. पुढली शंभर वर्षं पुतळे बसत राहिले. पुतळ्याशिवाय जहाजावर जायला खलाशी कुरकुरतात, असं म्हणत. शेवटी पोलादी जहाजांना पुढे डोलकाठीच राहिली नाही, तेव्हा पुतळाही गेला. तुमच्या टेंडरच्या रकान्यात 'नक्षीकाम (ऐच्छिक)' असं वाचलं, की मला तो १७९६ चा हुकूम आठवतो.

आता कोरण्याविषयी. कारण 'पंधरा दिवस' म्हणणाऱ्याला त्यात काय असतं ते कळायला हवं.

नाळेवरची मूर्ती कुणीही समोरून, डोळ्यांच्या रेषेत बघत नाही. धक्क्यावरून, होडीतून, म्हणजे खालून बघतात. आणि ती उभी नसते, पुढे झुकलेली असते. म्हणून कार्यशाळेत ती सरळ उभी करून कोरली तर बसवल्यावर डोकं बारीक आणि छाती मोठी दिसते. आम्ही डोकं मुद्दाम मोठं काढतो, हनुवटी थोडी आत घेतो, डोळ्यांच्या खोबण्या खोल करतो, म्हणजे उन्हात तिथे सावली पडते. लांबून माणूस बुबुळ नाही बघत, सावली बघतो. माझ्या अंगणात एक आंब्याचं झाड आहे. ठोकळा दोरखंडाने त्याच्या फांदीला टांगून, झुकवून, खाली जमिनीवर उताणा पडून मी दर दोन दिवसांनी बघतो. शेजारच्या म्हातारीला वाटतं मला वेड लागलंय.

गेरूने रेघा मारतो, मग वाकस. पहिले चार-पाच दिवस फक्त वाकस चालतो, आणि त्या दिवसांत बघायला आलेल्या समिती सदस्यांचे चेहरे पडतात, कारण त्यांना फक्त मोडलेलं खोड दिसतं. मग मोठ्या पटाश्या, मग गोल तोंडाच्या, मग बारीक. सर्वांत शेवटी तुम्ही म्हणता, "सँडपेपरने गुळगुळीत करा." नाही करत. पटाशीचे वार राहू द्यायचे. त्या वारांच्या कडांवर ऊन तुटतं आणि मूर्ती जिवंत दिसते. गुळगुळीत लाकूड लांबून मेणासारखं दिसतं. शिवाय सँडपेपरचे कण लाकडात बसतात, आणि पुढल्या दुरुस्तीला माझीच पटाशी खातात.

आणि पाणी. सगळ्यात वेळ त्यात जातो आणि ते कुणालाच दिसत नाही. मूर्तीच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या सुंदर दिसाव्यात म्हणून नाही, पाणी खाली जावं म्हणून त्या दिशेने कापायच्या. कोपराच्या आत, मांडीवर, दुमडलेल्या पदरात जिथे वाटीएवढं पाणी साचेल तिथे मागून बारीक भोक पाडून वाट काढायची. कानाच्या मागे हमखास साचतं. लाकूड अंगाने पाणी फारसं पीत नाही, टोकाने पितं, स्ट्रॉ उभी धरल्यासारखं. मूर्तीचं टाळकं म्हणजे ठोकळ्याचं वरचं टोक, म्हणजे थेट तोंड उघडून बसलेलं. म्हणून मी पागोट्याच्या मूर्ती आवडीने करतो. पागोटं वेगळ्या लाकडाचं, आडव्या रेषेचं, वर टोपणासारखं बसतं. बिनटोपीचा माणूस कोरायला सांगितला की मला झोप येत नाही.

मागे नाळेच्या खाचेत मूर्तीची कूस, म्हणजे जोडाची जीभ, बसवायची, बोल्ट आरपार घालायचे, त्यांच्या डोक्यांवर लाकडी बुचं मारायची. ही खाच नाळेच्या लाकडात जहाज बांधतानाच करावी लागते. बांधून झालेल्या जहाजाला, वर पॉलिश मारून झाल्यावर, मी कूस कुठे घुसवू? मग कोनपट्ट्या येतात. मग दोन स्क्रू. मग वाऱ्याने डगडगणारा वाघ.

दुसरी गोष्ट सांगतो, ही माझ्या स्वतःच्या कामाची. एका ठिकाणी मी गलबताच्या नाळेवर मोठा शेंडा कोरून दिला होता, वेलबुट्टीचा, साधा. मला लाकूड आयतंच मिळालं होतं, पुरतं वाळलेलं नव्हतं. मी सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. पहिल्या उन्हाळ्यात बोटभर रुंद तडा गेला. दोष माझ्यावर आला. उरलेले पैसे अजून आलेले नाहीत. ते सोडा. पुढे झालं ते वाईट. कुणीतरी सल्ला दिला, तडा बुजवून वर फायबर मारा, कायमची कटकट मिटेल. मारलं. छान चकचकीत दिसतं. दोन पावसाळ्यांनंतर मी गेलो होतो, बोटाच्या पेराने टकटक केलं. चांगलं लाकूड खणखणतं. हे 'भद' वाजलं, पिकलेल्या फणसासारखं. आत सगळं कुजतंय, वर कवच शाबूत.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये प्लिमथला 'द बॉक्स' नावाचं संग्रहालय २०२० मध्ये उघडलं. तिथे नौदलाच्या जुन्या जहाजांचे चौदा पुतळे छताला टांगून ठेवलेत. त्यातला सर्वांत मोठा 'किंग बिली' तेरा फुटांहून उंच आणि दोन टनांहून जड आहे. त्यांची दुरुस्ती सुरू केली तेव्हा कळलं, की पूर्वी कुणीतरी चांगल्या हेतूने त्यांच्यावर फायबरग्लास चढवलं होतं. पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. आतलं लाकूड ओल्या भुशासारखं झालं होतं. डॉक्टर पोट तपासतात तसे ध्वनिलहरींनी पुतळे तपासले, मग कित्येक महिने हळूहळू वाळवले, मग कुजलेलं काढून नवं लाकूड भरलं. आपल्या त्या शेंड्यासाठी इतकं कुणी करणार नाही, आणि करूही नये. तो काही दोनशे वर्षांचा नाही. फक्त फायबर काढा. तडा गेलेलं उघडं लाकूड अजून वीस वर्षं उभं राहील. आमच्याकडे होड्यांना मोरी माशाचं (शार्कचं) तेल लावत, उंडीचं तेल लावत. वास येतो, खरं आहे. उद्घाटनाच्या आठवड्यात लावू नका.

तुमच्यातले काही जण म्हणतील, की आता सीएनसी मशीन आहे, संगणकावर आकृती द्यायची, रात्रभरात वाघ तयार. मशीनशी माझं भांडण नाही. माझ्या भाच्याने कुडाळला एका कारखान्यात मशीनवर काम केलंय, दारांच्या चौकटी ते माझ्यापेक्षा सरळ कापतं. पण मशीनला गाठ दिसत नाही, रेषा फिरलेली कळत नाही, आणि ते लाकडाच्या बाजूने कापतं की विरुद्ध, याचं त्याला सुख-दुःख नाही. खडबडीत काम त्याच्याकडून करून घ्या, मी आनंदाने पुढचं करीन. त्याने वाचलेले दिवस धार लावायला वापरीन.

चांगलं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून नौदलाने गोव्यात एक शिवलेलं जहाज बांधून घेतलं, 'कौंडिण्य'. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, राळेने भरलेल्या, आणि नाळेवर सिंहयाळी, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलेली. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटली, की सरकारी निवेदनात केरळच्या मुख्य कारागिराचं नाव होतं: बाबू शंकरन. जहाजाच्या बातमीत मंत्र्यांच्या बरोबरीने सुताराचं नाव मी पहिल्यांदा वाचलं. कात्रण वडिलांच्या फोटोखाली लावलंय.

तर मागणं काय आहे, ते थेट लिहितो. नाहीतर पत्र लांबतं आणि कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

तुम्ही आम्हाला बारशाला बोलावता. आम्हाला सोयरिकीलाच बोलवा. लाकूड घ्यायला कंत्राटदार डेपोत जाईल तेव्हा त्याच्या जीपमध्ये एक जागा माझ्यासाठी ठेवा; येण्या-जाण्याचा खर्च मी काढीन. मी ओंडके ठोकून, तोंडं बघून सांगेन, कुठला नाळेला, कुठला फळीला, कुठला घेऊच नका. त्या दिवसाची मजुरी नाही दिलीत तरी चालेल. पण तो ओंडका तुमच्या शेडमध्ये सावलीत, खाली दांडकी घालून, टोकांना मेण किंवा रंग लावून पडून राहू द्या. एक वर्ष तरी. जहाजाचं बाकी काम तेवढ्यात होतंच.

नाळेचा नकाशा आला की मला दाखवा, खाच त्यातच काढून घेऊ. आणि तुमचं जहाज गुराब आहे, गलबत आहे की माल वाहणारं साधं शिबाड, ते आधी ठरवा. मग नाळेवर काय येईल ते आपण बोलू. कधी काहीच येणार नाही. तेही मी सांगेन, आणि त्याचे पैसे मागणार नाही.

पैसे फुटाच्या भावाने ठरवू नका. सहा फूट साधं काम आणि सहा फूट मूर्ती यांचे दिवस सारखे नसतात. दिवसाने द्या, आणि माझ्याबरोबर एका शिकाऊ मुलाचे द्या. तो पहिली दोन वर्षं फक्त धार लावेल आणि वाकस चालवेल. त्याला घरी आईला काहीतरी द्यायचं असतं. माझा भाचा याच कारणाने मशीनवर गेला, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही.

दर वर्षी पावसाळा संपला की एकदा येऊन टकटक करायला परवानगी द्या. हे अंदाजपत्रकात कुठल्या रकान्यात बसेल ते तुम्हीच बघा. 'देखभाल' असा रकाना बहुधा असतो, त्यात सध्या फक्त फरशी पुसणं येतं.

ज्या समितीने मला नवं काम विचारलंय, त्यांना हे पत्र म्हणजे उत्तर समजावं. चित्र पाठवू नका. अजून लाकूड घेतलं नसेल तर कळवा, मी येतो. घेतलं असेल तर ओंडक्याच्या दोन्ही तोंडांचे फोटो पाठवा, जवळून, उन्हात काढलेले, आणि शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज येईल. गाभा मधोमध दिसला तर मी नाही म्हणेन. राग मानू नका.

पावसाळाभर मी घरीच असतो.

कळावे,
आपला,
नाळेवर काम करणारा एक सुतार
वाघोटन खाडीकाठ, सिंधुदुर्ग